हात लागल्याशिवाय

राळेगावच्या स्टँडवर बा माझ्या आधी एस.टी.त चढला. खिडकीजवळची जागा हेरून त्याने तिथे आपला दुपट्टा टाकला, माझी पत्र्याची पेटी बाकाखाली ढकलली, मला बसवलं आणि खाली उतरून खिडकीशी उभा राहिला. माय स्टँडवर आली नव्हती. पोरगी सासरी निघाली असती तर कसं रडायचं ते तिला ठाऊक होतं. पोरगी शिकायला पुण्याला निघाली तर काय करायचं, ते तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. कंडक्टरने घंटी मारली तेव्हा बा एवढंच म्हणाला, "तिकीट काढलं हाय आपन. कोनीबी आलं त उठजो नोको."

कळंबला एक फेटेवाले गृहस्थ चढले. म्हातारे म्हणाल तर नाही, चांगले धडधाकट होते. माझी त्यांची ओळख ना पाळख. ते नुसते येऊन माझ्या बाकाशी उभे राहिले. ऊठ म्हणाले नाहीत, माझ्याकडे बघितलंही नाही. आणि मी उठले! यवतमाळपर्यंत दांडा धरून उभी होते, आणि बाचा दुपट्टा त्यांच्या बुडाखाली गेला तो गेलाच. यवतमाळला मामा मला न्यायला आला होता. त्याला मी दुपट्ट्याचं काही सांगितलं नाही.

राळेगावात मागे राहिलात ते, आणि माझ्यासारखे पेटी उचलून निघालात ते, तुम्हा दोघांनाही हे सांगायचं आहे. मी पुण्याला का गेले याची आपल्या वस्तीत एक गोष्ट सांगतात. देशमुखाच्या पोरीने दगा दिला, शाळेने अन्याय केला, म्हणून बाने पोरीला बाहेर धाडलं. गोष्ट खरी आहे, पण अर्धीच. उरलेली अर्धी मी इतकी वर्षं तोंडात धरून ठेवली. आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू?

बा जिनात कामाला होता, कापसाच्या गाठी बांधायचा. छप्पन साली तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, आणि आल्या आल्या देव्हाऱ्यातले देव फडक्यात बांधून नदीला दिले. माझं नाव बयना होतं, त्याची सुजाता झाली. गावकीची कामं त्याने त्याच दिवशी सोडली. मेलेलं ढोर ओढायला पाटलाचा माणूस बोलवायला आला तर म्हणाला, "तुमचं ढोर हाय, तुमीच वढा." त्या वर्षी आम्हाला गावातल्या दुकानातून मीठ मिळेना. माय त्याच्यावर चिडायची, पण बाचं एकच म्हणणं, पोरगी मॅट्रिक झाली पाहिजे.

शाळा मुलामुलींची एकत्र होती. आम्ही पोरी मागच्या दाराने यायचो, खाली मान घालून बसायचो, खाली मान घालून जायचो. मी आठवीत असताना अमरावतीहून खेळाच्या नव्या बाई आल्या. पांढरं पातळ, मनगटावर घड्याळ, गळ्यात शिट्टी. पहिल्याच दिवशी त्यांनी पोरींना मैदानावर काढलं, परकर खोचायला लावले आणि खो-खोची पाटी आखली. गावात हलकल्लोळ झाला. पोरींचे पाय दिसतात म्हणे! अहो, त्याच पोरी कापूस वेचताना गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून दिवसभर वाकतात, तेव्हा कुणाला दिसत नाहीत पाय. बाईंनी कुणाचं ऐकलं नाही. वर्षभरात तालुक्यातल्या सगळ्या शाळांना आम्ही हरवलं. मग मात्र हीच माणसं मैदानाच्या कडेला उभी राहून शाळेच्या नावाने ओरडायला लागली. पोरं तेलाचे रिकामे डबे बडवायची. आमच्या वेण्यांना लाल फिती असायच्या. मैदानावरून चालताना माझी मान वर राहायला लागली होती, हे मी खोटं कशाला सांगू.

पण संघात एक भानगड होती. खो-खोत नऊजणी असतात. आठजणी मधल्या पाटीवर ओळीने उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. नववी पळणारीच्या मागे धावते. ती मागून येऊन बसलेलीच्या पाठीवर तळहात मारते आणि "खो" म्हणते, की बसलेलीने उठायचं आणि तिने त्या जागी बसायचं. पाठीला हात लागल्याशिवाय उठलात तर फाऊल. आता माझ्या पाठीला हात लावायचा कुणी? सुरुवातीला पोरी माझ्या मागे येऊन नुसत्या ओरडायच्या, नाही तर नखाच्या टोकाने टोचायच्या. बाईंनी शिट्टी वाजवून खेळ थांबवला. म्हणाल्या, "थाप मला इथपर्यंत ऐकू आली पाहिजे. नाही आली तर तुम्ही घरी." चारजणी खरंच घरी गेल्या, त्या परत आल्याच नाहीत.

राहिल्या त्यांच्यात देशमुखांची कुमुद होती. ती पाटीवर माझ्याच मागून यायची, आणि काय थाप मारायची! अशी सणसणीत, की पाठीवर पाचही बोटं उमटायची. मायने एकदा आंघोळीच्या वेळी पाहिलं. "कोनं मारलं तुले?" म्हणून तिचा आवाज चढला. मी हसत सुटले. "मारलं नाही वं माय, खो देल्ला." तिने त्या जागेवर तेल चोळलं.

कुमुद घरी गेल्यावर मागच्या अंगणातल्या विहिरीवर हातपाय धुऊनच आत शिरायची. हे तिनेच मला सांगितलं होतं, हसत हसत. "माह्या घरी माहीत पडलं न, त मले जित्ती गाडतीन. मी कोनाले सांगतच नाही." मला त्यात तेव्हा काही वाईट वाटलं नाही. उलट वाटलं, बघा, माझ्यासाठी पोरगी केवढं करते! आज ते आठवलं की माझंच डोकं फिरतं.

नववीत असताना जिल्ह्याचे सामने यवतमाळला होते. निघताना बा म्हणाला, "जिकून येजो. मंग तुह्या मायची काही बोलायची टाप नाही." मायने तिच्या माहेरकडचा एक पोरगा माझ्यासाठी बघून ठेवला होता, आणि बा-मायचं ठरलं होतं. संघ जिंकला तर मी मॅट्रिकपर्यंत शिकायचं, हरला तर मायचं ऐकायचं. माझ्यासाठी तो सामना म्हणजे एवढं होतं. बाकीच्या पोरींना ढाल हवी होती, मला मॅट्रिक व्हायचं होतं.

शेवटच्या सामन्यात शेवटच्या डावात आमची पाठलागाची पाळी होती. एकच पळणारी उरली होती, तिला बाद केलं तर आम्ही जिंकलो. वेळ एका मिनिटाहून कमी. कुमुद तिच्या मागे सुटली होती आणि मी पाटीवर बसलेली, तोंड प्रेक्षकांकडे. माझ्या अगदी समोर सतरंजीवर यवतमाळच्या काही बाया बसल्या होत्या. त्यांच्यात कुमुदची आत्या होती. सकाळी कुमुदने मला लांबून दाखवली होती, काठाचं लुगडं, नाकात मोठी नथ. आत्या पुढे झुकून पाहत होती. मागून कुमुदचे पाय वाजत आले. माझ्या डोक्यावरून तिलाही आत्या दिसली असणार.

"खो!"

पाठीला हात लागला नाही.

दोन वर्षं रोज ती थाप खाल्लेली माझी पाठ, तिला कळणार नाही का? मला कळलं. ती का थांबली तेही कळलं. बसून राहिले असते तर कुमुदला हात लावावाच लागला असता, तिच्या आत्यासमोर, सगळ्यांसमोर. मी बसायला हवं होतं. पण मी उठले! कुणी सांगितलं नाही, कुणी दटावलं नाही. तिला अडचण नको, म्हणून माझे पाय आपोआप उठले. मी वाऱ्यासारखी सुटले आणि चार पावलांत त्या पळणारीला शिवले. डबे वाजले, पोरी किंचाळल्या, आणि मग पंचांची शिट्टी ऐकू आली. हात लागलेला नाही, फाऊल, गडी बाद नाही. आम्ही हरलो.

बाईंनी कुमुदला विचारलं. ती खाली बघत म्हणाली, "मी लावला होता हात." मग सगळ्या माझ्याकडे वळल्या. उतावीळ म्हणाल्या, मेलीला दम निघत नाही म्हणाल्या, आणि एकजण जे म्हणाली ते मी इथे लिहीत नाही. परतीच्या गाडीत शाळेचं गाणं कुणी म्हटलं नाही. मी शेवटच्या बाकावर होते. कुमुद सर्वात पुढे बसली होती, तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

महिनाभरात पोरींचा खेळ बंद झाला. देशमुख शाळेत येऊन गेले म्हणतात. बाईंची बदली झाली. हेडमास्तरांनी भर वर्गात सांगितलं, काही मुलींमुळे शाळेची मान खाली गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी ती अशी. बा शाळेत जाब विचारायला गेला तर त्याला व्हरांड्यात उभं ठेवून परत पाठवलं. त्या संध्याकाळी घरी येऊन त्याने मला एकच प्रश्न विचारला. "हात लागला व्हता का तुले?"

"नाही," मी म्हटलं.

बा तेवढ्यावर उठला आणि मामाला पत्र लिहून घ्यायला गेला. मायने बघितलेला पोरगा राहिला बाजूला. मग तू उठलीस कशी, हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? मला तेव्हा वाटलं, सुटले बाई एकदाची.

खडकीला मामा लष्कराच्या कारखान्यात होता. दीड खोलीत आम्ही सातजण. तिथल्या शाळेत मी तोंड उघडलं की वर्गात हशा फुटायचा. आपल्याकडे बाया सर्रास "मी जातो, मी करतो" म्हणतात. तिथे पोरी विचारायच्या, "तू मुलगा आहेस का गं?" मी "मले" चं "मला" केलं, "काहून" चं "का" केलं, आणि हळूहळू अशी बोलायला लागले की मायला माझी पत्रं वाचून दाखवणारा पोस्टमन म्हणायचा, हे कुण्या बामनीनचं पत्र हाय. माय तापाने गेली तेव्हा माझी मॅट्रिकची परीक्षा सुरू होती. बाने मला मुद्दाम कळवलं नाही. परीक्षा संपल्यावर पत्र आलं. मी पास झाले. त्या निकालाचा आनंद मला कधीच झाला नाही.

पुढे मी खेळाच्या शिक्षणाचा कोर्स केला आणि पोरींच्या शाळेत लागले. शिट्टी माझ्या गळ्यात आली. साठचं दशक संपत आलं होतं तेव्हा बा एकदाच पुण्याला आला. माझी शाळा पाहायची म्हणाला. मी त्याला मैदानाच्या कडेला खुर्ची दिली, त्याने ती सरकवली आणि खाली बसला. मी पोरींवर नेहमीसारखी ओरडत होते. "हात लागल्याशिवाय उठायचं नाही! कुणी कितीही ओरडू दे, खो खो म्हणून बोंबलू दे, पाठीला हात लागेपर्यंत बसून राहायचं!" बा टक लावून माझ्याकडे बघत होता.

घरी चालत येताना तो म्हणाला, "कुमुद आलती घरी. आर्वीकडं देल्ली तिले. कुंपनाशी उभी राहून तुहा पत्ता विचारत व्हती. मी नाही देल्ला." थोडं चालून झाल्यावर त्याने इतक्या वर्षांनी ते विचारलं. "तुले हात लागला नव्हता. मंग तू उठली काहून?"

मी म्हटलं, "तिची आत्या बसली होती समोर." तो समजेल की नाही असं वाटलं, म्हणून पुन्हा सांगितलं. "बा, मी माझ्या मनानं उठले. तिला अडचण नको म्हणून. वस्तीत म्हणतात तसं नाही, मला कुणी फसवलं नाही."

बा थांबला. रस्त्याच्या कडेला एका दगडावर टेकला. "मले ठाव व्हतं," तो म्हणाला. "मीबी उठत व्हतो, पोरी. दीक्षा घेऊन आलो, देव बुडवले, ढोर वढनं सोडलं, लय बोललो. पन दारापुढं माह्याच खाटेवर बसलो अस्लो अन् पाटील रस्त्यानं गेला, त पाय आपोआप उठे. तो पाहेबी ना माह्याकडं. मी उठून उभा! रातभर मंग मले माहाच राग ये." त्याने दुपट्ट्याने तोंड पुसलं. "शाळेनं काय केलं म्हनून नाही धाडलं तुले. तू उठली म्हनून धाडलं."

दोन वर्षांनी बा गेला. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्या वेळी आणि नंतरही, जेव्हा जेव्हा राळेगावला येते, तेव्हा तुम्ही विचारता, गावाची आठवण येते का? येते. तिथली माती, बोरं, जिनाचा भोंगा, सगळ्याची येते. पण गाव म्हणजे काय ते मला खाटेवर कळतं. दारापुढे बाची ती खाट अजून आहे. संध्याकाळी मी तिच्यावर बसते. कधीकधी पाटलाचा नातू मोटारसायकलवरून जातो. बिचाऱ्याला मी कोण तेही माहीत नाही. पण गाडीचा आवाज आला की माझे गुडघे हलतात. पुण्यात इतकी वर्षं काढली, शेकडो पोरींना बसून राहायला शिकवलं, तरी हलतात. माझे गुडघे असे आपोआप हलतात, ती एवढी एकच जागा जगात आहे, आणि तेच माझं घर आहे. मी खाटेची कड दोन्ही हातांनी घट्ट धरते. गाडी निघून जाते. मी बसलेली असते.