सरस्वतीला बाकावर जागा नाही

माझे आईवडील वीटभट्टीवर कामाला होते. दिवाळी झाली की जालन्याकडच्या गावातून आमचं बिऱ्हाड पत्र्याच्या पेटीसकट ट्रकमध्ये चढायचं, ते उन्हाळा संपता संपता परत यायचं. म्हणजे शाळेचं पहिलं सत्र गावात आणि दुसरं भट्टीवर, जिथे शाळाच नव्हती. तिथे मी धाकट्या भावाला काखेत घेऊन कच्च्या विटा उलटवायचे. गावच्या गुरुजींनी मला दुसरीत इतक्या वेळा बसवलं, की नव्या पोरांना वर्गाचे नियम मीच सांगायचे.

शेवटी आईने मला तालुक्याला मावशीकडे ठेवलं. वडील कुरकुरले, "हाताखालचं एक माणूस कमी झालं." आई म्हणाली, "मग तुमचे दोन हात जरा बिगीबिगी चालवा."

आमच्या घरात पहिली बी.कॉम. मी. हे मी ओळख करून देताना अजूनही सांगते. नवरा म्हणतो, "लिफ्टमध्ये तरी नको सांगत जाऊ." मी लिफ्टमध्येही सांगते.

बँकेत लागले, बदली कोलकात्याला झाली. नवऱ्याला सॉल्ट लेकच्या एका कंपनीत नोकरी मिळाली आणि आम्ही बेहालाच्या पलीकडे, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला फ्लॅट घेतला. आई आमच्याकडे राहायला आली. आमचे चार टॉवर जिथे उभे आहेत तिथे आधी तळी होती. बिल्डरच्या रंगीत पुस्तिकेत टॉवरच्या शेजारी एक मोकळी जागा, त्यावर लाल छपराची सरकारी शाळा आणि पतंग उडवणारी पोरं दाखवली होती. प्रत्यक्षात तिथे बकऱ्या चरत होत्या. आई म्हणाली, "चित्रातल्या पोरांना शाळा मिळाली, आपल्या पोरीचं काय?"

आमच्या पोरीचं काय, हाच प्रश्न होता. इथे शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, तेव्हा तिला पहिलीत घालायचं होतं. जवळपास पालिकेची एकच शाळा, जुन्या वस्तीच्या मानाने बांधलेली. मी गेले तेव्हा एक वर्ग व्हरांड्यात चालला होता आणि एक जिन्यावर. वरच्या पायरीवर हुशार मुलं, खालच्या पायरीवर दंगेखोर. मुख्याध्यापिकाबाईंचं टेबल पाण्याच्या टाकीला टेकून होतं.

"बौदी, जागा नाही हो," त्या म्हणाल्या. बौदी म्हणजे वहिनी, इथे सगळे परके लोक मला वहिनीच म्हणतात. "तुमचे टॉवर रोज वर जातायत. माझी शाळा तेवढीच आहे. मी पोरांना काय एकावर एक रचू?"

नवरा म्हणाला, "खासगी शाळा बघू. बसने तासभर तर लागेल."

"एवढुशी पोर तासभर बसमध्ये? आणि मी सरकारी शाळेत शिकले, माझं काय बिघडलं?"

"आवाज चढतो," तो म्हणाला.

मी पालिकेत गेले. बांधकाम परवानगीचं टेबल आणि शिक्षणाचं टेबल एकाच व्हरांड्यात, समोरासमोरच्या खोल्यांत. परवानगीवाले साहेब म्हणाले, "आम्ही मजले मोजतो मॅडम, मुलं नाही." मी वळून समोर गेले. शिक्षणवाले बाबू चहात बिस्किट बुडवत म्हणाले, "तुमचा भाग? तिथे तर आमच्या नकाशात तळी आहेत. माशांना कुठे शाळा लागते?"

"तळी बुजवून चार टॉवर झाले. समोरच्या साहेबांनीच परवानगी दिली. त्यांना विचारा ना!"

"त्यांच्याशी बोलायचं तर पत्र पाठवावं लागतं." बाबूंनी दोन पावलांवरच्या दाराकडे असं पाहिलं, जणू मध्ये गंगा वाहते आहे. "शिवाय शहरात जागा खूप आहेत. उत्तरेला एका शाळेत तर मुलांपेक्षा शिक्षक जास्त आहेत."

"मग ते टॉवर तिकडे हलवता का?"

"पूजेनंतर बघू," ते म्हणाले. कोलकात्यात श्रावणापासून पुढे सगळी कामं पूजेनंतरच असतात.

पूजा म्हणजे दुर्गापूजा. आमच्या वस्तीतल्या क्लबची, म्हणजे आपल्याकडच्या मंडळाची, पूजा पुस्तिकेतल्या शाळेच्या त्या मोकळ्या जागेवरच व्हायची. दरवर्षी मांडवाला एक विषय असतो. एका वर्षी राजवाडा, एका वर्षी चंद्र. त्या वर्षीचा विषय ठरवायच्या बैठकीत क्लबचे सेक्रेटरी दादा पिरॅमिड करायच्या गोष्टी करत होते. मी हात वर केला. "शाळा करा. ज्या जागेवर शाळा व्हायला हवी, तिथे शाळेचाच मांडव."

जुन्या वस्तीचा आम्हा फ्लॅटवाल्यांवर रागच होता. पण सेक्रेटरी दादांचा नातूही त्या जिन्यावरच शिकत होता, आणि तोही खालच्या पायरीवर. दादा म्हणाले, "दुर्गा वर्गाची बाई होईल. चारही मुलं बाकावर." बंगालमध्ये लक्ष्मी, सरस्वती, कार्तिक आणि गणपती ही दुर्गेची मुलं. माहेरी येताना ती चौघांनाही घेऊन येते.

इथवर सगळं छान होतं. पण मूर्तिकाराने गणपतीचा सांगाडा दाखवला आणि मी अस्वस्थ झाले. इतका किडकिडीत गणपती? आमच्या आईने तर कपाळालाच हात लावला. "ह्याला कुणी जेवाय घालतं का न्हाई?" मी मूर्तिकाराच्या मागेच लागले. पोट हवं, मांडी हवी, बसलेला भरदार हवा. तो बिचारा रोज थोडी माती वाढवायचा आणि म्हणायचा, "बौदी, आता पुरे." मी म्हणायचे, "अजून थोडं."

पंचमीला मूर्ती मांडवात आल्या. मांडव असा हुबेहूब झाला होता, पिवळ्या भिंती, घंटा, फळा, की मला वाटलं आत जाऊन पाढे म्हणावेत. कार्तिक बसला, लक्ष्मी बसली, आमचा गणपती बसला आणि बाक संपला. सरस्वतीला जागाच उरली नाही. नवा बाक करायला वेळ नव्हता. मूर्तिकाराने तिचे वाकलेले गुडघे मोडून सरळ बांधले, साडीखाली झाकले, तिला वीणेसकट बाकाशेजारी उभं केलं आणि माझ्याकडे बघत हात धुतले.

"महाराष्ट्राने सरस्वतीला उठवलं," सेक्रेटरी दादा म्हणाले. मी पदर तोंडावर घेतला.

संध्याकाळी नगरसेविका उद्घाटनाला आल्या. फीत कापली. सोबत टीव्हीवाले होते. एका पोरसवदा बातमीदार मुलीने माइक पुढे करून विचारलं, "सगळी मुलं बसलीत, मग सरस्वती उभी का?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी गणपतीकडे पाहिलं. तेवढ्यात मागून मुख्याध्यापिकाबाईंचा आवाज आला. "ॲडमिशन मिळालं नाही तिला! शाळा एक, टॉवर चार. बसणार कुठे?"

मांडवात हशा पिकला. मग हशा थांबला आणि गर्दी पुढे सरकली. एका बाईने कडेवरचं पोर नगरसेविकांसमोर धरलं. "दीदी, इथे ॲडमिशन कधी सुरू होणार? खरी शाळा आहे ना ही?" मागून दुसरी, मग तिसरी. जुन्या वस्तीतल्या, टॉवरमधल्या, सगळ्या मिसळून. मीही माझ्या पोरीला पुढे केलं आणि म्हणाले, "मी बी.कॉम. आहे, मला थापा कळतात. खरं सांगा."

नगरसेविकांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. "पूजेनंतर..." त्या म्हणाल्या, आणि सगळा मांडव एका सुरात ओरडला, "कुठल्या वारी?"

त्यांना वार सांगावा लागला.

त्या वारी परवानगीवाले साहेब आणि शिक्षणवाले बाबू एका टेबलाशी बसले. साहेबांकडे टॉवरचे आकडे होते, बाबूंकडे शाळांचे. बाबूंनी नकाशावरची तळी स्वतःच्या हाताने खोडली. मी दाराशी उभी होते. बाबू साहेबांना म्हणाले, "आपण एकाच गावचे निघालो की!" पुढचा अर्धा तास ते माशांच्या भावावर बोलले, पण मग कामाचंही बोलले.

जानेवारीत पहिलीचे दोन वर्ग क्लबच्या हॉलमध्ये सुरू झाले. कॅरम अंगणात गेला आणि म्हातारे माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. बकऱ्यांच्या जागेवर पालिकेने शाळा बांधायला घेतली. पाया खणताना आई रोज काठी टेकत बघायला जायची आणि मुकादमाला मराठीत दटावायची. त्याला एक अक्षर कळत नव्हतं, तरी मान हलवायचा.

आता तिथे दुमजली प्राथमिक शाळा आहे. आमच्या भागात नवा टॉवर उठवायचा तर त्या फाइलवर शिक्षण विभागाची सही लागते. माझी मुलगी तिसरीत आहे. ती घरून चालत शाळेत जाते आणि वर्गात बाकावर बसते.