लाल पेन्सिलीखालच्या चाळीस दीर्घिका

मालन गायसमुद्रेला हळबेसाहेबांची शिसारी यायची. म्हणजे कशी, तर साहेब लाल पेन्सिल घेऊन टेबलाशी आले की हिच्या तोंडाला कडवट पाणी सुटायचं.

साल शहाऐंशी. मुलुंडची मालन घाटकोपरच्या एका छोट्या संशोधन संस्थेत हळबेसाहेबांच्या हाताखाली मापणीची हंगामी नोकरी करायची. दुर्बिणीतून काढलेल्या फोटोंच्या काचा खालून उजेड दिलेल्या टेबलावर ठेवायच्या, भिंगाला डोळा लावायचा आणि दीर्घिकांचे आकार मोजायचे. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच ताऱ्यांची बेटं, पण इतकी लांबची की काचेवर राईएवढा धुरकट ठिपका. काही ठिपके गुच्छात दाटीवाटीने, काही एकटे. प्रश्न एवढाच होता, की गर्दीतले एकट्यांपेक्षा लहान असतात का?

साहेबांचं उत्तर मोजण्याआधीच तयार. "असणारच! गर्दीत त्या एकमेकींना ओरबाडतात, कडेचे तारे निखळून जातात."

मालनच्या मापात मात्र काही फरक निघेना. दहा महिने डोळे फोडले, दोन्ही सारख्याच. साहेबांनी रजिस्टर ओढलं आणि गर्दीतल्या सगळ्यात मोठ्या चाळीस दीर्घिकांवर काट मारली.

"या खराब दिसतायत. उरलेल्यांची सरासरी काढा आणि खाली सही करा, मालनबाई. तुमची कायमची ऑर्डर याच महिन्यात काढतो."

शी! एवढा शिकलेला माणूस, आणि ही लबाडी? घरात कमावणारी ती एकटी होती. सही केली की नोकरी पक्की. पण नाव खाली तिचं जाणार, ह्या बाबाचं नाही.

"दादूमामा, ह्याला खोटं पाडल्याशिवाय मी सही करायची नाही," ती डार्करूममध्ये फोटो धुणाऱ्या दादूला म्हणाली आणि बेत सांगितला. एकेका दीर्घिकेचा वेगळा चौकोनी फोटो काढायचा, शेजारपाजार कापून टाकायचा, पाठीमागे फक्त नंबर. मग सगळे पत्त्यांसारखे पिसायचे. कुठली गर्दीतली, कुठली एकटी, मोजणारीला कळताच कामा नये.

"खुळी झालीस काय गो?" दादू म्हणाला, पण त्याने सगळं करून दिलं.

तीन आठवड्यांनी मापं संपली आणि तिने नंबरांवरून कुठली गर्दीतली, कुठली एकटी ते लावून बघितलं. गर्दीतल्या लहान होत्या! साहेब म्हणत होते तेवढ्या नाही, पण लहानच. तिने तीनदा हिशेब केला. मग जुनं रजिस्टर शेजारी ठेवून एकेक ओळ ताडली. गर्दीतली प्रत्येक दीर्घिका तिने आधी केसभर मोठी मोजली होती. धुरकट कड कुठे संपते ते ठरवणार मोजणाराच ना! गुच्छ दिसला की साहेबांचं ते "असणारच" कानात वाजायचं आणि त्यांना खोटं पाडायला हात आपोआप बाहेर सरकायचा.

दहा महिने ती त्या माणसावर मनातल्या मनात थुंकत होती, आणि तिने तरी दुसरं काय केलं होतं? आता तिला स्वतःचीच किळस आली. तिने दुपारचा डबा उघडलासुद्धा नाही.

ती नवा कागद घेऊन साहेबांकडे गेली. "साहेब, माझी आधीची मापं चुकली होती. गर्दीतल्या लहानच आहेत. हे नवे आकडे."

साहेबांनी कागदाला हातही लावला नाही. "मी म्हटलं नव्हतं? करा सही त्या रजिस्टरवर."

"पण ते आकडे खोटे आहेत. माझेही, आणि तुम्ही काट मारून आणलेले तेही. नवे घ्या."

"उत्तर तेच आहे ना? मग पुन्हा सगळं लिहून कशाला काढायचं?" साहेब पेन पुढे करत हसले.

तिने पेन घेतलं नाही. ऑर्डर निघाली नाही, आणि महिनाअखेरीस नोकरीही गेली.

पुढे ती मुलुंडच्याच एका शाळेत प्रयोगशाळेची मदतनीस झाली. पोरांनी विचारलं की सांगायची, "हो रे, गर्दीतल्या दीर्घिका लहान असतात. खरं आहे ते." आणि एवढं सांगताना तिचं तोंड कारलं चावल्यासारखं व्हायचं.