गुळातली गोळी

"माझं न्हाई ते कुत्रं." चिखलीतल्या आमच्या शेडच्या मालकीणबाईंचं हे ठरलेलं वाक्य. म्हणताना हात मात्र त्याच कुत्र्याच्या मानेवर असायचा.

आम्ही भाडेकरू त्यांना मावशी म्हणायचो. त्यांचं घर जुन्या गावातलं. शेताच्या जागी पत्र्याच्या शेड आल्या, त्यातल्या एकीत माझं लेथ मशीन. दारात लोखंडाचा चुरा दिसला की मावशी अर्धा तास बोलायच्या. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. कुत्रं तांबडं, बिननावाचं. नाव ठेवलं की ते आपलं होतं, हे मावशींना पक्कं ठाऊक होतं.

एका उन्हाळ्यात त्याच्या पोटावर पुळ्या उठल्या, केस झडले, अंगाला वास येऊ लागला. शेजारच्या शेडवाल्यांनी खरूज ठरवून टाकली आणि टेम्पोत घालून चाकणच्या पुढे सोडून यायचा बेत केला. मावशींनी माझ्याकडून डबाभर जळकं ऑइल नेऊन त्याला चोपडलं. आमच्याकडे हा रामबाण उपाय, त्यामुळे मीही खुशाल दिलं. दोन दिवसांत कातडी लालभडक झाली. तेव्हा कुठे आम्ही त्याला रिक्षात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर बाईंनी आधी ऑइलवरून आम्हा दोघांना झापलं. मग म्हणाल्या, ही खरूज नाही, स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू आहे. तो धडधाकट कुत्र्याच्या अंगावरही राहतो, काही करत नाही. कातडी बिघडली की मग माजतो.

"भाडेकरूच की," मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या.

गुळात दडवून गोळ्या सुरू झाल्या. केस आले, कुत्रं उड्या मारू लागलं आणि मावशींनी गोळ्या बंद केल्या. बरं झालेल्याला औषध कशाला? महिनाभरात पुळ्या दुपटीने आल्या. शेजाऱ्यांनी टेम्पोवाल्याला पुन्हा विचारून ठेवलं.

या खेपेला डॉक्टरांनी पू तपासायला पाठवला. जुनी गोळी आता या जंतूला लागू पडत नव्हती. दुसरी देताना त्यांनी बजावलं की हीही मध्येच सोडली तर पुढे द्यायला त्यांच्याकडे फारसं काही उरणार नाही. मग सरळ विचारलं, "कुत्रं कुणाचं आहे?"

मला वाटलं, मावशी आता तरी कबूल होतील.

"माझं न्हाई," त्या म्हणाल्या. "पण गोळी मी देते."

आणि दिली. पुतण्याच्या हळदीतून उठून पिवळ्या हातांनी गूळ घेऊन आल्या. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे रोज त्याला उताणं पाडून पोटावर केसांच्या उलट हात फिरवायच्या. बोटांना पुळी लागली की तोंड उतरायचं. एक दिवस काहीच लागलं नाही, तरी डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत गोळी चालूच राहिली. शेजारी टेम्पो विसरले. कुत्रं पुन्हा मावशींच्या ओट्यावर पसरू लागलं.

मावशी आता पुनावळ्याला मुलाकडे असतात, नवव्या मजल्यावर. कुत्र्यालाही नेलं होतं, पण लिफ्टमध्ये ते इतकं भेदरलं की त्याच रिक्षाने परत आणलं. परत जाताना त्यांनी माझ्या हातात गुळाची ढेप ठेवली, कुत्र्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मला त्यांची फार आठवण येते. दारातल्या चुऱ्यावरून बोलणारं आता कुणी नाही.

परवा कुत्र्याच्या पोटावर उलटा हात फिरवला, तर दोन पुळ्या लागल्या. तसाच त्याला दवाखान्यात घेऊन गेलो. तिथे आता नवे डॉक्टर आहेत. त्यांनी विचारलं, "कुत्रं कुणाचं?"

"माझं नाही," मी म्हणालो. "पण गोळी मी देतो."