नागपुरात मिळालेला चौथा नंबर

कऱ्हाड स्टेशनात गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते. तेवढ्यात आमच्या ह्यांनी मला तीन सूचना दिल्या. खिडकीतून हात बाहेर काढू नकोस, परक्याच्या हातचं खाऊ नकोस आणि यंदा तरी पाचवी येऊ नकोस. पहिल्या दोन मी पाळणार नव्हतेच. तिसरी मात्र अशी झोंबली, की सातारा मागे पडेपर्यंत मी डबा उघडला नाही.

मी त्रेसष्ट वर्षांची, पोस्टातून निवृत्त झालेली बाई. बुद्धिबळ खेळते. पन्नाशीपुढच्या बायकांची राज्याची निवड स्पर्धा दर वर्षी होते आणि तिच्यातल्या पहिल्या चौघींना देशपातळीवर खेळायला पाठवतात. गेली दोन वर्षं मी पाचवी आले होते. पाचवा नंबर फार वाईट. दहावी आलेल्या बाईला कुणी काही विचारत नाही, पाचवीला मात्र जो तो म्हणतो, "अरेरे, थोडक्यात हुकलं हो." ते 'अरेरे' ऐकून माझे कान किटले होते. यंदा स्पर्धा नागपुरात होती आणि निवड झालेल्यांनी पुढे भुवनेश्वरला जायचं होतं. सोबत एक माणूस नेता येतं, म्हणून ह्यांनी कोणार्कचं देऊळ बघायचं ठरवून नवी कानटोपीही आणून ठेवली होती. आणि मी? मी चौथी होऊनच परत येणार, असं सगळ्या गल्लीत सांगून बसले होते. तोंड आवरत नाही माझं.

कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी ही गाडी अख्खा महाराष्ट्र आडवा पार करते. रात्रभर थंडीनं पाय आखडले. सकाळी जाग आली तेव्हा बाहेरची माती काळी झाली होती. अकोला गेल्यावर दोन्हीकडे फुटलेला कापूस दिसायला लागला आणि बडनेऱ्याला संत्र्यांच्या टोपल्या डब्यात चढल्या. "घे ना माय, गोड हाय," म्हणत टोपलीवाल्या बाईनं एक संत्रं सोलूनच माझ्या हातात दिलं. ह्यांची दुसरी सूचना तिथंच मोडली. संत्रं खरंच गोड होतं.

नागपूरला उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती. रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठं जाऊन राहिले माय?"

"प्रताप नगर."

"लग्न हाय काय?"

"नाही. बुद्धिबळाची स्पर्धा आहे."

"नातवाची?"

"माझी."

पुढच्या चौकात त्यानं रिक्षाचा वेग कमी केला. मग आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "मंग जिंका ना बाप्पा. आपल्या रिक्षातनं गेलेली बाई हरली नाही पाहिजे." मघाचं 'नातवाची?' ऐकून आलेला राग मी गिळून टाकला.

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. आदल्या दिवशीच्या लग्नाची झेंडूची तोरणं तशीच लोंबत होती आणि पंगतीच्या लांब टेबलांवर पट मांडले होते. आम्ही चाळीसेक बायका. कुणाच्या मांडीवर शाल, कुणाच्या पिशवीत थर्मास, कुणाच्या गुडघ्याला पट्टा. बाहेरून कुणी बघितलं असतं तर भजनी मंडळ जमलंय असं वाटलं असतं. पण एकदा घड्याळं चालू झाली की यांच्यातली प्रत्येक बाई समोरचीचा वजीर कसा मारू याच्याच विचारात असते. पंच म्हणून आलेला तरुण नम्रपणे म्हणाला, "आजी, मोबाइल इथं जमा करा." मी म्हटलं, "आजी घरी. इथं खेळाडू." त्यानंतर तो चारही दिवस मला 'मॅडम' म्हणत होता.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. सकाळी कोपऱ्यावरच्या टपरीवर तर्री पोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा तिखटजाळ लाल रस्सा) खाल्ले. आम्ही कऱ्हाडकर, तिखटाला काय घाबरतो, अशा तोऱ्यात दोनदा तर्री मागून घेतली. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, आणि चौथ्या चालीला मला उचकी लागली. एक, दोन, दहा. समोरची बाई डोळे वटारायला लागली, पंच पाणी घेऊन धावला, उचकी काही थांबेना. तेवढ्यात शेजारच्या पटावरची एक उंच, सावळी बाई पंचाला खूण करून उठली, माझ्याजवळ आली आणि तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"श्वास धरा वं ताई. मी म्हणीन तवाच सोडा," ती कुजबुजली. मी धरला. माझे डोळे बाहेर यायला लागले तेव्हा ती "हं" म्हणाली. उचकी गेली होती.

फेरी संपल्यावर मी आभार मानायला गेले, तर म्हणाली, "एवढी तर्री घेते काय कोणी पहिल्याच दिवशी?"

तिचं नाव सुजाता. सक्करदऱ्याला राहणारी, वय अठ्ठावन्न, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. बुद्धिबळ तिला वॉर्डातल्या एका पेशंटनं शिकवलं होतं. "तीन महिने पाय टांगून ठेवला होता त्याचा. भांडू भांडू हैराण करे आमाले. मी म्हटलं, काय पाह्यजे तुले? तर म्हणे, खेळाले माणूस पाह्यजे." पुढे तो बरा होऊन घरी गेला. हिचा खेळ मात्र सुटला नाही.

तीन दिवस आम्ही दोघी दुपारचा डबा एकत्र खाल्ला. मी जिंकत होते, मधेच हरत होते, ती शांतपणे गुण जमवत होती. तिसऱ्या दिवशी सहावी फेरी संपली आणि ती म्हणाली, "आज जेवाले घरी चला. उद्या शेवटची फेरी, मंग तुम्ही चालल्या जासान."

आधी तिनं मला सक्करदऱ्याच्या तलावावर फिरवून आणलं. वाटेत निम्मा मोहल्ला तिला 'जयभीम, सिस्टर' म्हणत होता आणि ती प्रत्येकाच्या बीपीची चौकशी करत होती. घरात शिरलो तशी आतल्या खोलीतून खाटेवरच्या सासूबाईंनी विचारलं, "कोण आलं वं?"

"कऱ्हाडची ताई हाय, बुद्धिबळवाली."

रस्सा उकळेपर्यंत आम्ही ओट्यावरच पट मांडला. बोलता बोलता मी तिला माझ्या वडिलांच्या देशी बुद्धिबळाची गंमत सांगितली. आता प्यादं पार पलीकडे पोचलं की कुणीही डोळे मिटून त्याचा वजीर करतो. आमच्याकडे तसं नव्हतं. प्यादं ज्याच्या घरात पोचेल, तेच मोहरं व्हायचं. घोड्याच्या घरात घोडा, कडेच्या हत्तीच्या घरात हत्ती. सुजाता हसायला लागली. "असं कुठं असते? मंग मेहनत कायले करावं त्या प्याद्यानं?"

दिवाणावर पांढरी, मऊ दुपटी पडली होती, सुई तशीच टोचलेली. ड्युटीच्या जुन्या साड्यांची शिवली होती तिनं, नातीसाठी. मुलगी भुवनेश्वरला राहते आणि आठ महिन्यांची नात हिनं अजून फोनवरच पाहिलेली.

"मग जाऊन का येत नाहीस?" मी विचारलं. एव्हाना मी तिला अगं-तुगं करायला लागले होते.

"नुसतं पोरीकडे जातो म्हटलं का सासूबाईचं औषध, ह्यांचा डबा, सारं आठवते घरच्याइले. स्पर्धेचं कसं, शिक्क्याचं पत्र येते. पत्र पाह्यलं का मंग कोणी काही म्हणत नाही. ह्यांची बहीण येऊन राहते आठ दिवस." तिनं दुपट्यांवरून हात फिरवला. "म्हणून तर खेळून राहिली ना ताई यंदा जीव लावून."

पानं वाढली. पाटोडी रस्सा (बेसनाच्या वड्या घातलेला रस्सा), भाकरी, भात. मी दुसरी पाटोडी तोंडात घातली आणि दोघींचे फोन एकदमच वाजले. उद्याच्या जोड्यांची यादी आली होती. मी चष्मा शोधेपर्यंत तिनं वाचली आणि फोन पालथा ठेवला.

"आधी जेवून घ्या," ती म्हणाली.

मी वाचलंच. शेवटच्या फेरीत तिची गाठ माझ्याशी होती. तिचे साडेचार गुण, माझे चार. पहिल्या तीन जागा जवळजवळ ठरल्या होत्या, चौथी आमच्या दोघींपैकी एकीची. तिला बरोबरी पुरत होती, मला जिंकणंच भाग होतं. मी भाकरीचा तुकडा तसाच पानात ठेवला. तिनं मात्र माझ्या पानात आणखी रस्सा वाढला. "उद्याचं उद्या पाहू. उपाशी बाईले हरवण्यात काय मजा?" मग मीही खाल्लं. चांगलं दाबून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी आम्ही हात मिळवले आणि साडेतीन तास एकमेकींच्या तोंडाकडेही बघितलं नाही. शेवटी पटावर फारसं काही उरलं नाही. माझा राजा आणि कडेनं पळणारं एक प्यादं. तिचा राजा पार कडेला, कोपऱ्याच्या अलीकडच्या घरात, आणि त्याच्यामागे तिचं उरलेलं एकुलतं एक प्यादं. राजा तिनं आपल्याच प्याद्याच्या वाटेत आणून उभा केला होता. मला वाटलं, दमली बिचारी, चुकली. माझ्या घड्याळात दहा-बारा सेकंद उरले होते. बायका भोवती जमल्या होत्या. मी प्यादं शेवटच्या घरात सरकवलं, बाजूच्या मेलेल्या मोहऱ्यांत हात घातला, हाताला आलं ते ठेवलं आणि घड्याळ दाबलं.

मग बघितलं. मी हत्ती ठेवला होता.

कडेचं घर, हत्तीचं घर. पन्नास वर्षांपूर्वीची सवय घाईत माझ्या हातातून बाहेर पडली होती. वजीर सोडून हत्ती घेतला, आता अख्खं कऱ्हाड हसणार. आणि मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "वा."

तेव्हा कुठे माझं डोकं चाललं. वजीर ठेवला असता तर सुजाताच्या राजाला हलायला एकही घर राहिलं नसतं, शह नसताना तो कोंडला असता आणि डाव बरोबरीत सुटला असता. तिनं राजा चुकून कोपऱ्याजवळ नेला नव्हता, माझ्यासाठी सापळा लावला होता. हत्तीमुळे तिच्या राजाला कोपऱ्यातलं एक घर मोकळं राहिलं. तिला तिकडे जावंच लागलं आणि चार चालींत मात झाली.

सुजातानं हात पुढे केला. चेहऱ्यावर काही नाही. "छान खेळल्या वं ताई," म्हणाली. बायकांनी मला गराडा घातला. पंच म्हणाला, "मॅडम, अशी चाल पुस्तकात वाचली होती, आज पाहिली." मी मान हलवत राहिले. खोटं बोलले नाही, पण खरंही बोलले नाही. निवडीचा फॉर्म न वाचताच पिशवीत कोंबला.

स्टेशनवर मला पोचवायला सुजाता आली. डब्यात पाटोडी, पिशवीत संत्री आणि एक छोटं गाठोडं. ते माझ्या मांडीवर ठेवत म्हणाली, "तुम्ही जाऊनच राहिल्या भुवनेश्वरले, तर एवढं माह्या पोरीले देऊन द्या." आत पांढरी दुपटी होती. पत्ता तिनं दोरीला बांधला होता.

माझ्याच्यानं राहवेना. "सुजाता, तो हत्ती मी मुद्दाम नव्हता ठेवला गं. चुकून पडला. वडिलांची सवय."

"मले मालूम हाय," ती म्हणाली.

"कसं?"

"पस्तीस वर्षं शिकाऊ पोरी पाह्यल्या ना मी. सुई भलतीकडे टोचली का त्याइचं तोंड जसं होते, तसंच झालं होतं तुमचं."

"मग तिथं बोलली का नाहीस?"

"बोलून काय होते? मोहरं ठेवलं, घड्याळ दाबलं, झाली चाल. आता कायले रडता?"

कारण मी रडत होते. गाडी हलली. ती फलाटावरून हात करत राहिली आणि मी गाठोडं पोटाशी धरून बसले.

कऱ्हाडला उतरल्यावर ह्यांनी गल्लीत पेढे वाटले. मी प्रत्येकाला खरं काय ते सांगितलं, की चाल चुकून पडली. कुणाचा विश्वास बसेना. म्हणाले, केवढा विनय. माझ्या तोंडी विनय, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ऐकला असेल गल्लीनं.

दोन दिवस गाठोडं कपाटावर होतं आणि मला जेवण गोड लागत नव्हतं. तिसऱ्या दिवशी फॉर्म भरायला बसले. 'सोबत येणाऱ्या व्यक्तीचे नाव' या रकान्यापाशी थांबले, उठले आणि पंचाला फोन लावला. सोबतीच्या नावानंही पत्र मिळतं का? मिळतं, म्हणाला. शिक्क्याचं? हो मॅडम, शिक्क्याचं.

मी रकाना भरला. मागून वाकून वाचत हे म्हणाले, "आणि माझी कानटोपी?"

"ती तिला थंडीत उपयोगी पडेल."

त्यांनी टोपी आणून माझ्या पुढ्यात ठेवली. मग स्वतःच फॉर्मसाठी पाकीट आणून त्यावर पत्ता घातला. माणूस चांगला आहे, सूचना जास्त देतो एवढंच.

सुजाताला फोन केला. "हे बघ, ते गाठोडं मी काही देणार नाही."

पलीकडून हळूच आवाज आला, "काहून वं ताई?"

"तुझं तू दे. फॉर्मवर तुझं नाव घातलंय, शिक्क्याचं पत्र येईल. घरी सांग, कऱ्हाडची बाई एकटी जायला तयार नाही. तिला उचकी लागली की नर्स लागते."

हरताना जिचा चेहरा हलला नव्हता, ती बाई फोनवर हमसून हमसून रडायला लागली. आतून सासूबाई विचारत होत्या, "काय झालं वं?" आणि ही हुंदक्यांतून 'भुवनेश्वर, भुवनेश्वर' एवढंच म्हणत होती.

नागपूर काय काय पाहिलं, असं लोक विचारतात. एक तलाव, एक मंगल कार्यालय आणि एक स्वयंपाकघर, एवढंच सांगता येतं. पाचवा नंबर वाईट, असं मी दोन वर्षं म्हणत आले. यंदाचा पाचवा नंबर माझ्या शेजारच्या बर्थवर बसून भुवनेश्वरला येणार आहे, पाटोडीचा डबा घेऊन.