परक्या हातांचे कपडे

चोरीला आठवडा उलटला तरी इस्त्रीवाल्या मावशींचं धुणं काही आवरेना. चोराच्या हाती फारसं लागलं नव्हतं. दोन बांगड्या आणि एक भिंतीवरचं घड्याळ. पण मेल्याने कपाट पार उपसून काढलं होतं, आणि धाकट्या जावेने मदत म्हणून सगळ्याच्या घड्या घालून ते पुन्हा रचून ठेवलं होतं. आता त्याचा हात कशाला लागला आणि कशाला नाही, हे कोण सांगणार? मावशींना सगळ्याचीच शिसारी आली. गिऱ्हाइकांचे गठ्ठे तसेच पडून राहिले आणि घरातली चिंधीन् चिंधी बादलीत गेली.

"ताई, किती धुवाल? कंबर मोडेल," जाऊ म्हणाली.

"मग काय, त्याचे हात अंगावर घेऊन फिरू?"

शेवटी इस्त्रीखाली एक निळा सदरा आला. गरम इस्त्री फिरली की कापडातून माणसाचा वास उठतो. त्यावरून मावशी डोळे मिटून गिऱ्हाईक ओळखायच्या. हा सदरा नवऱ्याचा होता. ते गेले तेव्हापासून मुद्दाम न धुता कपाटाच्या तळाशी जपलेला. ढिगाबरोबर तोही भिजला होता, हे आत्ता ध्यानात आलं. मावशी इस्त्री फिरवत राहिल्या. वास आला तो नुसता साबणाचा.

"नशीब, भाऊजींचा सदरा तरी त्याने नेला नाही," जाऊ म्हणाली.

मावशींनी सावकाश घडी घातली.

"हो," त्या म्हणाल्या, "त्याने नाही नेला."