समोरच्या खिडकीतली वही

रविकांत देवस्थळींचा विश्वास दोनच गोष्टींवर होता: मातीच्या रिपोर्टवर आणि सुनंदाबाईंवर. कॅनडातल्या ग्वेल्फच्या विद्यापीठात तीस वर्षं त्यांनी मातीच शिकवली. सुनंदाबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. उरलं गाव, आणि गावावर त्यांचा काडीचाही भरवसा नव्हता.

गाव तरी केवढं! इंग्लंडातल्या एका खेड्यातली अकरा कुटुंबं दीडशे वर्षांपूर्वी बोटीत बसून आली, ती खेडंच उचलून घेऊन आली. दगडी चर्च, मधोमध हिरवळ, आणि पत्रांच्या पेट्यांवर अजून तीच अकरा आडनावं. बारावं देवस्थळी. सगळे हसून 'मॉर्निंग' म्हणत आणि पुढे जात. एवढ्या गोड माणसांच्या पोटात काय असतं, हे रविकांतरावांना कोणी शिकवायला नको होतं.

त्यात समोरची डोरीन व्हिटल. ऐंशीची, एकटी, काठी टेकत चालणारी. रविकांतराव सकाळी सातला स्वयंपाकघराचा पडदा सरकवत आणि दहा मिनिटांत तिचा पडदा हलायचा. बाई इकडे टक लावून बघायची आणि वहीत काहीतरी लिहायची. रोज!

"नंदन, ती माझ्यावर वॉच ठेवते," त्यांनी स्कारबरो शहरात राहणाऱ्या मुलाला फोन केला. "मला इथून हाकलायचा प्लॅन आहे यांचा."

"बाबा, कम ऑन! इकडे कंडो फ्लॅट घ्या, कधीचा सांगतोय."

"म्हणजे तूही त्यांना सामील!"

मग त्यांनीही वही सुरू केली. '७:१०, पडदा हलला. ७:११, लिहिलं.' शास्त्रज्ञाचा पुरावा चोख हवा. चार महिन्यांनी तक्रार टाइप करून त्यांनी कोटाच्या खिशात घातली. सोमवारी गावचा कारभार बघणाऱ्या टाउनशिपच्या ऑफिसात नेऊन आपटायची.

सोमवारी ७:१० ला पडदा हललाच नाही.

'कळलं वाटतं बयेला,' म्हणून ते खूश झाले. साडेसात झाले. ताज्या बर्फात तिच्या पायरीवर पाऊल नव्हतं. पावणेआठला मात्र त्यांच्या मनात पाल चुकचुकली. चार महिन्यांत ही बाई एकदाही चुकली नव्हती. हा सापळा तर नसेल? असेना का, म्हणत त्यांनी कोट चढवला.

मागचं दार उघडंच होतं. डोरीन स्वयंपाकघरात फरशीवर पडली होती, खुब्याचं हाड मोडून. ॲम्ब्युलन्सला फोन करून त्यांनी आपला कोट तिच्या अंगावर घातला. शेजारीच ती वही पडली होती. त्यांनी उघडली. पानोपानी एकच नोंद: 'रवी, ७:१०, ठीक.'

"हे काय?"

"गावाची जुनी रीत," ती कण्हत म्हणाली. "पहिल्या हिवाळ्यात एक विधवा घरात मरून पडली, सहा दिवस कुणाला पत्ता नाही. तेव्हापासून एकट्या माणसाचा पडदा समोरचा बघतो. तुमचं नाव सुनंदा जाण्याआधी देऊन गेली. म्हणाली, 'डोंट टेल हिम, ही'ल फाइट.'"

रविकांतरावांनी वही मिटून तिच्या हाताशी ठेवली.

"आणि तुमचा पडदा कोण बघतं?"

"तुम्हीच की. चार महिने बघताय ना? म्हणून तर मी घाबरले नाही. तुम्ही येणार, हे माहीत होतं."

तिच्या अंगावरच्या कोटाच्या खिशातून तक्रारीचा कागद डोकावत होता. रविकांतरावांनी तो हळूच काढून घेतला. त्यांच्या प्रत्येक सकाळवर डोळा ठेवणाऱ्या डोरीनने या वेळी मात्र न बघितल्यासारखं केलं.