विहारातली मोटर

सौंसरच्या टेकडीवरच्या वस्तीत शकुंतला नारनवरेला निवांत बसलेलं फारसं कोणी पाहिलं नव्हतं. प्राथमिक शाळेत ती मास्तरीण होती. वर्गातही खुर्चीत टेकायची नाही, बाकांमधून फिरत फिरत शिकवायची. पण शहाऐंशीच्या पावसाळ्यानंतर तिची चुळबूळ निराळीच झाली. चुलीवर भाजी ठेवून ती अंगणात जायची, अंगणातून विहाराकडे जायची, आणि भाजी लागल्याचा वास आला की धावत परत यायची.

त्या पावसाळ्यात वस्तीत कावीळ आली होती. झाली बऱ्याच जणांना, उठलेही बहुतेक. शकुंतलाची नणंद कमल मात्र उठली नाही. ती बाळंतपणासाठी लोधीखेड्याहून माहेरी आली होती. आधी ताप आला, मग डोळे पिवळे झाले, मग ती भलतंसलतं बोलायला लागली. नागपूरच्या दवाखान्यात नेलं तेव्हा शुद्ध हरपलेली होती. कमल गेली, पोटातलं मूलही गेलं. डॉक्टरनं एवढंच विचारलं, "पाणी कुठलं पिता?" वस्ती तेव्हा विहिरीचंच पाणी प्यायची.

कमल घरी होती तोवर तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या शकुंतलाच भरून ठेवायची. सासू अंबाबाई त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. नवरा सुधाकर कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, तोही बोलला नाही. दोघांपैकी कोणी तोंड उघडलं असतं तर शकुंतलाला बरं वाटलं असतं.

थंडी पडायला लागली तेव्हा नागपूरच्या एका संस्थेनं वस्तीच्या विहाराला पाणी गाळायचं यंत्र दिलं. यंत्र म्हणजे माणसाच्या उंचीचा लोखंडी ड्रम, आत वाळू आणि कोळसा, बाजूला ब्लिचिंगचं पाणी थेंब थेंब सोडणारी बाटली. नगरपालिकेच्या नळाची लाइन त्याला जोडली. वस्ती मात्र लाइनच्या शेवटच्या टोकाला, तीही चढावर. सकाळी तासभर करंगळीएवढी धार यायची. ती ड्रममध्ये शिरायची आणि वाळूतच जिरल्यासारखी व्हायची. संस्थेचे लोक म्हणाले, बूस्टर पंप बसवा, म्हणजे पाणी जोरानं वाळूतून जाईल. एवढं सांगून ते निघून गेले. पंप कोणता, कितीचा, कुठं बसवायचा, हे कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

विहार समितीचे प्रमुख भाऊराव एका संत्र्याच्या बागेत विहिरीवरची मोटर चालवायचे. त्यांना प्रश्न पडलाच नाही.

"मोठी मोटर घेऊन टाका बाई," ते म्हणाले. "दीड हॉर्सपॉवरची. बागेत पानी कसं फेकते, येऊन पाहा एक डाव."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पंपाचा सगळ्यात जास्त तगादा शकुंतलाचा होता, म्हणून तो आणायचं कामही तिच्यावरच आलं. वस्तीनं वर्गणी केली आणि एका रविवारी ती नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं नागपूरला गेली.

दुकानदारानं दोन पंप पुढ्यात ठेवले. एक अर्ध्या हॉर्सपॉवरचा, मांडीवर मावेल एवढा. दुसरा दीडचा, हिरवा, जाडजूड.

"पाणी टाकीतून ओढायचं का लाइनमधून?" त्यानं विचारलं.

"लाइनमधून."

"लाइनला पाणी किती येतं?"

"येते. पण बारीक."

"आणि तुमचा ड्रम तासाला पाणी किती घेतो?"

हे तिला माहीत नव्हतं. दुकानदार म्हणाला, "मी तर लाइनवर मोठा लावू नका म्हणून सांगतो. पण गिऱ्हाईकाला मोठाच पाहिजे असतो." का लावू नये, हे ती विचारणार तोच दुसरं गिऱ्हाईक आलं आणि तो तिकडे वळला. शकुंतला दुकानाबाहेर आली. रस्त्याच्या टोकापर्यंत गेली, परतली, पुन्हा बाहेर आली. लहान पंप घेऊन गेलो आणि पाणी चढलं नाही तर? भाऊराव काय म्हणतील? कमलच्या नावानं आधीच आपल्या मनात एक गाठ बसलीय, त्यात वस्तीचा पैसा पाण्यात घातला असं होईल. गाडीची वेळ होत आली होती. तिनं हिरव्या पंपावर बोट ठेवलं.

पंप बसवला त्या सकाळी सगळी वस्ती विहारात जमली. भाऊरावांनी बटण दाबलं. मोटर घरघरली, आणि ड्रमच्या नळातून मनगटाएवढी धार बादलीत कोसळली. पाणी काचेसारखं. बायांनी हंड्यांची रांग लावली. अंबाबाईनं पहिल्यांदाच सुनेच्या खांद्यावर हात ठेवला.

शकुंतलाला तरी चैन पडेना. बारीक लाइनमधून एवढं पाणी येतं कुठून? दुकानदाराचं ते अर्धं राहिलेलं बोलणं डोक्यात घुमत होतं. भाऊरावांना विचारलं तर ते हसून म्हणाले, "मोटर वढते, अन् पानी येते. तुम्ही कायले डोक्स खपवून राहिल्या?"

आठवडाभरानं ती शाळेत निघाली असताना खालच्या गल्लीतली केसरबाई आडवी आली. केसरबाई बाजारात भाजी विकायची, बोलायला फटकळ.

"मास्तरीनबाई, वरती तुमची मोटर सुरू झाली का माहा नळ हवा ओढून राहते. पानी द्याचं सोडून उलटं घेते. चला, दाखवतो."

केसरबाईच्या ओट्यापाशी नळातून सूं सूं असा आवाज येत होता. शकुंतलानं नळाच्या तोंडावर तळहात ठेवला. नळानं तो आत ओढून धरला. तिनं झटकन हात मागं घेतला तेव्हा तळव्यावर गोल वळ उठला होता.

"लाइन कुठून जाते तुमच्याकडे?" तिनं विचारलं.

केसरबाईनं बोट दाखवलं. पाइप गल्लीच्या नालीतूनच गेला होता. दोन पाइप जुळले होते तिथं सुतळी आणि चिंधी गुंडाळलेली, तीही कुजलेली. वरून गल्लीची सगळी घाण वाहत होती. नळ जर तळहात ओढत होता, तर हा सांधा काय ओढत असेल?

ती शाळेकडे गेलीच नाही. पदर खोचून चढ चढली, विहारात शिरली आणि लोकांच्या देखत मोटर बंद केली. फ्यूज काढून पिशवीत टाकला.

"काऊन बंद केली?" भाऊराव चिडले.

"आपली मोटर नालीचं पाणी लाइनमध्ये घेऊन राहिली भाऊ. खालच्या नळांना तेच जाते. आपल्यालाही तेच येते."

"आपल्याले फिल्टर हाय ना."

"ती वाळू हाय. गाळ धरते. कावीळ धरनच असं कोणी सांगितलं तुम्हाला? अन् ब्लिचिंगची बाटली ही एवढीशी."

भाऊराव जवळ आले. आवाज चढवला नाही त्यांनी, पण शब्द धारदार होते. "इतके वर्सं खालच्या गल्लीनं आपला इचार केला का? उन्हाळ्यात आपल्या बाया नदीवर जात होत्या, तवा कोनं इचारलं? आज आपल्याले पानी लागलं, तर तुम्हाले त्यायची दया येते."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. लग्न होऊन वस्तीत आल्यापासून शकुंतलानं ते सगळं पाहिलं होतं. तिनं पिशवी छातीशी धरली आणि म्हणाली, "खालीही कोणाची तरी लेक बाळंतपणाला आलीच असन, भाऊ."

त्या दिवसापासून भाऊराव तिच्याशी बोलायचे थांबले. बायका हंडे घेऊन पुन्हा विहिरीवर जायला लागल्या. जाताना शकुंतलाच्या दारासमोर हंडे मुद्दाम आपटायच्या. सुधाकर एका संध्याकाळी म्हणाला, "फ्यूज देऊन टाक ना. आपल्याले इथंच राहायचं हाय." ती उठून अंगणात गेली. परत आली, पुन्हा गेली. त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं.

तेव्हा अंबाबाई बोलली. पीठ मळता मळता, वर न पाहता. "नको देऊ. माही एक गेली, तेवढी पुरे."

मग कमलबद्दल, त्या तांब्याबद्दल दोघी पहिल्यांदाच बोलल्या. "तुह्या हातानं पाजलं, तसं माह्याही हातानं पाजलं," अंबाबाई म्हणाली. "तू रोज स्वतःलेच फटके मारून राहिली, ते मले दिसते." शकुंतला खूप रडली. अंबाबाई पीठ मळत राहिली.

दुसऱ्या दिवशी शकुंतलानं दुकानदाराचे प्रश्न एकेक करून सोडवायला घेतले. लाइनची धार आपसूक येते तेवढीच बादलीत धरून पाहिली. बादली सावकाश का होईना, भरत होती. मग पंप लाइनला लावायचा कशाला? लाइनचं पाणी आपोआप एका हौदात पडू द्यावं आणि पंपानं हौदातून ओढावं. मग खालच्या गल्लीला झळ नाही, नालीतलं काही आत येणार नाही. ड्रममधून किती पाणी गेलं तर ते स्वच्छ येतं, तेही तिनं संस्थेच्या माणसाला पोस्टातून फोन लावून विचारलं. हिरवा पंप त्याच्या कितीतरी पट फेकत होता. तसाच चालवत राहिलो असतो, तर वाळूच्या थरात वाटा पडून गढूळ पाणी आलं असतं.

हे सांगायला ती भाऊरावांच्या घरी गेली. ते खाटेवर बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं.

"हौद कोन खंदन?" त्यांनी विचारलं.

"मी अन् हे सुरू करतो. बाकीचे येतील तर येतील."

"तुमच्यानं कुदळ उचलन का?" म्हणत भाऊराव उठले आणि कोपऱ्यातली स्वतःची कुदळ घेऊन बाहेर पडले.

विहाराच्या उतरत्या कोपऱ्यात हौद खणला, विटांनी बांधला, सिमेंटनं लिंपला, वर झाकण बसवलं. सुरुवातीला तिघं होते, शेवटी हंडे आपटणाऱ्या बायाही पाट्या उचलत होत्या. मग हिरवा पंप बदलून आणायला तो पोत्यात घालून भाऊराव आणि शकुंतला नागपूरला निघाले. गाडीत पोतं भाऊरावांनी मांडीवरच धरलं होतं.

दुकानदारानं तिला ओळखलं. तेच प्रश्न विचारले. या वेळी तिनं न अडखळता उत्तरं दिली. त्यानं अर्ध्याचा पंप काढला, पुसला आणि समोर ठेवला. भाऊरावांनी तो एका हातानं उचलून पाहिला. "येवढासा?" ते पुटपुटले, पण घ्या म्हणाले.

लहान पंप हळूहळू पाणी देतो, म्हणून वस्तीत कुरकुर झाली. बादली भरेपर्यंत बायांच्या गप्पा रंगायच्या. वीज कमी आली की तो नुसता गुणगुणायचा, आणि मग भाऊराव येऊन बंद करायचे, तो जळू नये म्हणून. पण पुढच्या पावसाळ्यात वस्तीत कावीळ आली नाही. खालच्या गल्लीत तिघांना झाली.

ते कळल्यावर शकुंतला पुन्हा अस्वस्थ झाली. मोटर तर आता त्यांचं पाणी ओढत नव्हती. पण नालीतला तो सांधा तसाच होता. शाळा सुटल्यावर केसरबाईला बरोबर घेऊन ती नगरपालिकेत गेली. साहेब भेटले नाहीत. दोघी बाकावर बसल्या. थोड्या वेळानं केसरबाई म्हणाली, "मास्तरीनबाई, जरा बसा ना एका जागी." शकुंतला तेव्हा दारापाशी येरझाऱ्या घालत होती. साहेब कुठल्या दारानं येतात, ते तिला पाहायचं होतं.